बंदूक अंगास बसते कीं नाहीं, हें विकत घेण्यापूर्वीं कसें पाहावें

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस ज्यांचीं शेतें आहेत त्यांस रानडुकरांच्या उपद्रवाविषयीं नव्यानें कांहीं सांगावयास नको. भात पोटरींत आल्यापासून खळ्यावर येईपर्यंत, भुईमुगास आऱ्या सुटल्यापासून काढणी होईपर्यंत, आणि उंसाच्या फडांत तर बाराही महिने राखण करावी लागते. या कामासाठीं परवाना काढून बंदूक घेण्याच्या विचारांत असलेल्या बंधूंकडून आमच्याकडे जी विचारणा होते ती बहुतेक एकाच प्रकारची असते. बंदूक मुंगेरची घ्यावी, ईशापूरची घ्यावी कीं जुनी विलायती मिळाली तर पाहावी; नळी किती इंची असावी; मार किती लांब जातो; आणि किंमत काय पडते. बंदूक आपल्या अंगास बसते कीं नाहीं हें कसें ओळखावें, असा प्रश्न आम्हांस आजपर्यंत फारच थोड्यांनीं विचारला. वास्तविक पहिला प्रश्न हाच असावयास पाहिजे.

सरकारी नोकरींत असतांना परवान्याचे अर्ज आमच्या हाताखालून पुष्कळ गेले. सातबाराचे उतारे, तलाठ्याचा दाखला, पोलिसांची चौकशी, जबाब, पुन्हां एखादा राहिलेला कागद, असें करतां करतां महिनेच्या महिने जातात. अखेर परवाना हातीं पडतो. त्यावर खरेदीची मुदत लिहिलेली असते. ती संपत आली म्हणजे मनुष्य शहर गांठतो आणि परतीची एस. टी. चुकूं नये म्हणून दुकानदारानें पुढें केलेली पहिली नाहींतर दुसरी बंदूक घेऊन येतो. परवान्यासाठीं वर्ष खर्चिलें आणि बंदुकीसाठीं अर्धा तास, असा हा हिशेब होतो. आणि तीच बंदूक पुढें वीस-पंचवीस वर्षें खांद्यास लावावयाची असते.

शेतीच्या हत्यारांच्या बाबतींत आपण असें कधीं करीत नाहीं. नांगराचें रुमणें धरणाराच्या उंचीप्रमाणें बेततात. कुऱ्हाडीचा दांडा हातांत खेळवून पाहिल्यावांचून कोणी घेत नाहीं. बैलाच्या मानेस जूं लागूं लागलें कीं लगेच सुतार बोलावतों. बंदूक मात्र कारखान्यानें सरासरी माणसाच्या मापानें केलेली असते, आणि तो सरासरी माणूस प्रत्यक्षांत कोणाच्याच घरीं नसतो.

बंदुकीचें माप एवढें महत्त्वाचें कां, हें समजण्यास तिची रचना लक्षांत घ्यावी लागते. रायफलीस नेम धरण्याच्या खुणा दोन असतात. एक डोळ्याजवळ व दुसरी नळीच्या टोकाशीं. छऱ्याच्या बंदुकीस टोकाशीं एक बारीक माशी तेवढी असते. मागची खूण बंदुकीवर नसतेच. ती मारणाराचा डोळा. गाल दस्त्यावर टेकल्यावर तो डोळा नळीवरील पट्टीच्या मध्यावर येतो, वर राहतो, खालीं दबतो कीं बाजूस सरकतो, हें दस्त्याची घडण ठरविते. म्हणून दस्ता हा बंदूक धरण्यापुरता लांकडाचा तुकडा आहे असें समजूं नये. नेमाचा अर्धा भाग तोच आहे.

आतां हिशेब पाहूं. डोळ्यापासून माशीपर्यंतचें अंतर सुमारें ३६ इंच, म्हणजे एक यार्ड, धरलें तर डोळा जितका ढळेल त्याच्या १६ पट बार १६ यार्डांवर, म्हणजे ४८ फुटांवर, ढळतो. आणि ४० यार्डांवर ४० पट. सुतार ज्यास सूत म्हणतात तें इंचाचा आठवा भाग. डोळा दोन सुतें, म्हणजे पाव इंच, खालीं राहिला तर ४८ फुटांवर बार ४ इंच खालीं जातो व ४० यार्डांवर १० इंच. शेताची मोजणी ज्यांनीं जवळून पाहिली आहे त्यांस हें चटकन पटेल. पहिल्या खुंट्याजवळ दिशा केंसभर चुकली कीं बांधाच्या दुसऱ्या टोकाशीं हातभर जमीन शेजाऱ्याकडे गेलीच.

यावर कोणी म्हणतील कीं, छर्रे पसरतात, त्यामुळें थोडी चूक झांकली जाते. बारीक छऱ्यांच्या बाबतींत हें कांहीं अंशीं खरें आहे. बाराच्या बोअरच्या बंदुकीचा बार ४० यार्डांवर ३० इंच व्यासाच्या वर्तुळांत किती पडतो, यावरून तिची परीक्षा करण्याची पद्धतच आहे. परंतु डुकरासाठीं जे एल. जी. जातीचे मोठे छर्रे वापरतात ते एका औंसास अवघे ६ येतात. इतके थोडे छर्रे एवढ्या मोठ्या वर्तुळांत विखुरल्यावर जनावरास लागणारे किती, आणि मर्मावर लागणारे किती, याचा विचार ज्याचा त्यानें करावा. म्हणूनच हे छर्रे वीस-पंचवीस यार्डांच्या आंतच वापरावे, आणि तेवढ्या अंतरावर तरी बाराचा मध्य जेथें डोळा पाहतो तेथेंच पडला पाहिजे. पोटांत किंवा मागच्या पायांत छर्रा घेऊन उंसांत शिरलेलें डुक्कर रात्रीं हातीं लागत नाहीं. दुसऱ्या दिवशीं तोडणीस आलेल्या मजुरावर तें उलटतें, आणि तो मजूर बहुधा बंदूकवाल्याच्या घरचा नसतो.

येथेंच एक गोष्ट सांगून ठेवतों. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं येतें. पिकाची नासधूस करीत असलें तरी वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवांचून त्यास मारतां येत नाहीं. दोन्ही कागद हातीं असल्याखेरीज मचाणावर चढूं नये.

दस्त्याचीं मापें चार. पहिलें लांबीचें. पुढच्या चापाच्या मध्यापासून दस्त्याच्या तळाच्या मध्यापर्यंतचें अंतर म्हणजे लांबी. (दुनळीस चाप दोन असतात, मागच्या चापावर बोट नेलें कीं हीच लांबी सुमारें इंचानें कमी होते, म्हणून मोजणें तें पुढच्यापासूनच.) जुन्या विलायती बंदुका साडेचौदा इंचांच्या आसपास असत. साडेपांच फूट उंचीच्या मध्यम बांध्याच्या माणसास चौदा इंच, त्यांत पाव इंच कमीजास्त, बहुधा पुरते. स्त्रियांस तेरा-साडेतेरा इंचही पुरे होते. आणि ज्या भगिनींच्या नांवें जमीन व परवाना दोन्ही आहेत त्यांनीं घरांतील पुरुषाच्या मापाची बंदूक मुळींच पत्करूं नये.

लांबी पाहण्याची दुकानांत एक रूढ रीत आहे. कोपर दुमडावयाचें, दस्त्याचा तळ कोपराच्या खांचेंत टेकावयाचा, आणि बोट चापास पोंचतें कीं नाहीं तें पाहावयाचें. पोंचलें कीं "अगदीं तुमच्याच मापाची" असें दुकानदार सांगतो. आमच्या मतें ही रीत फारशी उपयोगाची नाहीं. तिच्यानें हाताची लांबी कळते. मान किती लांब, खांदे किती रुंद, गाल किती भरलेले, छाती किती पुढें, यांपैकीं कांहींही कळत नाहीं. आणि डोळ्याची जागा तर याच गोष्टींवर अवलंबून असते. सारख्या हातांच्या दोन भावांसही एक बंदूक बसेलच असें नाहीं. खरी खूण ही कीं, बंदूक खांद्यास लावून गाल टेकला असतां मुठीच्या अंगठ्याचें मूळ आणि नाक यांत दोन बोटांचें अंतर राहावें. त्याहून कमी राहिलें तर दस्ता आंखूड, आणि पहिल्याच बाराला अंगठा नाकावर आदळेल. अंतर फार राहत असेल, किंवा बंदूक उचलतांना तळ काखेंतील कपड्यांत अडकत असेल, तर दस्ता लांब.

दुसरें माप उताराचें. दस्त्याच्या वरच्या ज्या कडेवर गाल टेकतो तिला आपण कणा म्हणूं, आणि तळाच्या वरच्या टोंकास टाच. नळीवरील पट्टीवर एक सरळ लांकडी पट्टी ठेवून ती मागें दस्त्याच्या पलीकडे जाऊं द्यावी आणि तिच्यापासून खालीं कण्याच्या पुढच्या टोंकापर्यंत व टाचेपर्यंत अंतर मोजावें. आजच्या साधारण बंदुकींत हें अंतर कण्याशीं दीड इंच व टाचेशीं सव्वादोन इंच यांच्या जवळपास असतें. जुन्या बंदुकींत टाचेचा उतार अडीच-तीन इंचही आढळतो. त्या डोकें ताठ ठेवून मारण्याच्या चालीच्या. ज्यांचा हात वडिलोपार्जित ठासणीच्या बंदुकीवर अशा उताराला बसलेला आहे, त्यांनीं नवी सरळ दस्त्याची बंदूक घेतांना विशेष जपावें. डोकें ताठ ठेवण्याची संवय तशीच राहिली तर बार वर जाऊं लागतात.

या चारांत आम्ही सर्वांत अधिक महत्त्व उतारास देतों. लांबींतील अर्धा इंच शरीर कसाबसा सांभाळून घेतें, पण कण्याच्या उंचींतील एका सुताची चूकही सरळ नेमांत उतरते.

तिसरें माप वांकाचें. चांगल्या बंदुकीचा दस्ता नळ्यांच्या अगदीं सरळ रेषेंत नसतो. उजव्या हाताच्या माणसासाठीं तो किंचित् उजवीकडे, म्हणजे तोंडापासून दूर, झुकलेला असतो. कारण उघड आहे. डोळा चेहऱ्याच्या मध्याकडे आणि खांदा बाहेर. दस्ता अगदीं सरळ असेल तर गालाच्या जाडीमुळें डोळा पट्टीच्या डावीकडे राहतो आणि बार डावीकडे जातात. टाचेशीं एक ते दोन सुतें वांक पुष्कळांस पुरतो. भरल्या गालांच्या व रुंद खांद्यांच्या माणसास अधिक लागतो, गाल बसलेल्या सडपातळ माणसास कमी. डावखुऱ्यास हाच वांक उलट दिशेनें पाहिजे. बंदूक उलटी धरून, तळाकडून पट्टीच्या रेषेंत एक डोळा मिटून पाहिलें कीं दस्ता कोणत्या बाजूस गेला आहे हें सहज दिसतें. जुनी बंदूक घेतांना हें आधीं पाहावें. पूर्वीचा धनी डावखुरा निघाला तर एरवीं उत्तम असलेली बंदूक आपल्या कामाची नाहीं.

चौथें माप तळाच्या कलाचें. त्याविषयीं थोडेंच सांगणें आहे. तळ खांद्याच्या खळगींत वरपासून खालपर्यंत सारखा बसला पाहिजे. केवळ खालचें टोंक छातींत रुतत असेल तर प्रत्येक बाराला तेथें दुखेल, आणि माणूस नकळत चाप ओढण्यापूर्वीं खांदा आंखडूं लागेल. एकदां ही खोड लागली म्हणजे ती जाणें कठीण.

आतां प्रत्यक्ष परीक्षेकडे वळूं. आपल्याकडे बंदूक विकत घेण्यापूर्वीं बार काढून पाहण्याची सोय दुकानांत नसते. जें पाहावयाचें तें रिकाम्या बंदुकीवरच. म्हणून ती हातीं घेतांच आधीं उघडावी, दोन्ही नळ्यांच्या कोठ्या रिकाम्या असल्याचें आपल्या डोळ्यांनीं पाहावें व दुकानदारासही दाखवावें. नळीचें तोंड कोणाही माणसाकडे वळवूं नये. कांहीं जुने कारागीर गिऱ्हाइकास आपल्याच डोळ्यावर नेम धरावयास सांगतात व समोरून पाहून माप ठरवितात. त्यांचें कसब आम्ही कमी लेखीत नाहीं, पण हा प्रकार टाळावा असेंच आमचें मत आहे. तेंच काम आरसा करतो. रिकाम्या बंदुकीचा चाप उगाच ओढून पाहण्याचीही पुष्कळांस हौस असते. तीही आवरावी, त्यानें आंतील कळा बिघडतात.

दुकानांत जातांना अंगावर तेच कपडे असावे जे राखणीला असतात. हें लहानसें वाटतें, पण येथेंच पुष्कळांची फसगत होते. खरेदी चैत्र-वैशाखांत, पातळ सदऱ्यावर. आणि बंदूक लागते ती मार्गशीर्ष-पौषांत ज्वारीच्या राखणीला, जेव्हां अंगांत कोट, कानाला मफलर आणि वर घोंगडी असते. कपड्याच्या जाडीनें दस्ता तितका लांब होतो. शिवाय कणा मागें उतरता असल्यामुळें गाल मागें सरकला म्हणजे डोळाही खालीं येतो आणि बार खालीं जातो. म्हणून उन्हाळ्यांत खरेदी असली तरी कोट काखोटीस मारून न्यावा, आणि दोन्ही प्रकारें पाहावें.

दुकानाच्या दूरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीची एखादी खूण निवडावी. दिनदर्शिकेवरील एखादा आंकडाही चालेल. बंदूक कमरेशीं दोन्ही हातांत धरून, दोन्ही डोळ्यांनीं त्या खुणेकडे पाहावें. मग डोळे मिटावे, आणि मिटलेल्या डोळ्यांनींच बंदूक उचलून, आधीं गालास व लगोलग खांद्यास, जशी सहज येईल तशी लावावी. मान वांकवूं नये, गाल दाबूं नये, कोपर सांवरूं नये. नंतर उजवा डोळा तेवढा उघडावा आणि हलल्यावांचून काय दिसतें तें पाहावें.

माशी खुणेवर किंवा तिच्या अगदीं जवळ असून पट्टी अगदीं थोडी दिसत असेल, तर बंदूक अंगास बसली. पट्टी सबंध रस्त्यासारखी वर चढत जातांना दिसत असेल तर कणा उंच. अशी बंदूक वर मारील. पट्टी व माशी मुळींच न दिसतां नळीच्या मागच्या भागाचें पोलादच डोळ्यापुढें येत असेल तर कणा नीच. ती खालीं मारील. पट्टीची डावी कड दिसत असेल, म्हणजे डोळा डावीकडे राहिला, वांक कमी. उजवी कड दिसत असेल तर वांक जास्त. हा प्रयोग एकदां करून भागत नाहीं. निदान दहा वेळां करावा. पहिल्या दोन-तीन खेपा सोडून द्याव्या, कारण त्या वेळीं मनुष्य आपण होऊन मान जुळवून घेतो. डोळे उघडेच ठेवले तर तो दर वेळीं जुळवून घेईल, आणि प्रत्येक बंदूक त्यास बरोबरच वाटेल. रात्रीं, गडबडींत, पाल्याची सळसळ ऐकून बंदूक उचलली जाते तेव्हां जुळवून घेण्यास वेळ नसतो. मिटलेल्या डोळ्यांनीं जी जागा सांपडते तीच तेव्हां सांपडते.

उडत्या पाखरावर मारणारे लोक पट्टी जरा अधिक दिसणारी, म्हणजे किंचित् वर मारणारी, बंदूक पसंत करतात. आपलें काम जमिनीवरील जनावराशीं, तेंही बहुधा मचाणावरून खालीं. तेव्हां माशी नळीच्या मागच्या कडेवर नुकती टेकलेली दिसेल अशी बंदूक आपल्याला बरी. मचाणावर आपण बसलेले असतों हेंही विसरूं नये. दुकानांत एक स्टूल मागून घ्यावें आणि त्यावर बसून, पुढें वांकून, जमिनीवरील खुणेवर हाच प्रयोग करावा. बसल्यावर तोंड दस्त्यावर पुढें सरकतें. उभें असतां दोन बोटें असलेलें अंतर कधीं कधीं एका बोटावर येतें.

ज्यांस माशी नेहमीं एकाच बाजूस फार दूर दिसते, त्यांनीं दस्त्यास दोष देण्यापूर्वीं आपल्या डोळ्यांची परीक्षा करावी. जसा हात एक जोरकस असतो तसा डोळाही. दोन्ही तळहात पुढें करून त्यांत रुपयाएवढें भोंक ठेवावें आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यांतून दूरच्या झाडाकडे पाहावें. मग डावा डोळा मिटावा. झाड दिसत राहिलें तर उजवा डोळा जोरकस. नाहींसें झालें तर डावा. उजव्या खांद्यावर बंदूक आणि डावा डोळा जोरकस, अशा माणसास कोणत्याही मापाची बंदूक दिली तरी बार डावीकडेच जाईल. त्यानें चाप ओढतांना डावा डोळा मिटावा, किंवा वय लहान असेल तर डाव्या खांद्यावर शिकावें. आम्ही असे तिघेजण पाहिले आहेत, आणि तिघांनींही त्यापूर्वीं बंदूक बदलली होती.

वजनाविषयीं बर्मिंगहॅमचा प्रसिद्ध बंदूककार ग्रीनर याच्या नांवानें चालत आलेला एक ठोकताळा आहे: बंदूक ही छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावी. सव्वा औंसाहून थोडे कमी, म्हणजे सुमारें ३२ ग्रॅम छर्रे असलेलें काडतूस धरलें तर बंदूक तीन किलोंहून किंचित् अधिक होते. त्याहून फार हलकी बंदूक खांदा फोडते. राखणीच्या कामीं बंदूक घेऊन कोसभर चालावयाचें नसल्यामुळें पावशेर जास्तच असलें तरी चालेल.

जुनी बंदूक घेणाऱ्यांसाठीं आणखी थोडें. दस्ता कोठें कापला, जोडला किंवा वांकविला आहे काय हें तळाजवळील सांध्यावरून व रेषांवरून पाहावें. असल्यास ती कोणाच्या तरी अंगास बेतलेली आहे, आणि तो कोण, केवढा होता, हें विचारावें. काडतूस बसतें ती कोठी ६५ मिलीमीटरची आहे कीं ७० ची हेंही पाहावें. लहान कोठीच्या बंदुकींत लांब काडतूस घालणें धोक्याचें आहे.

वारसानें आलेली बंदूक ही तर मापाच्या दृष्टीनें परकीच समजावी. आमच्या परिचयाच्या एका बागाईतदारांनीं वडिलांच्या पश्चात् त्यांची दुनळी रीतसर आपल्या नांवें करून घेतली. वडील ठेंगणे, आंखूड मानेचे, गाल भरलेले. चिरंजीव सहा फूट, मान लांब, गाल बसलेले. दोन हंगाम त्यांचा एकही बार नीट लागला नाहीं. आधीं काडतुसें सर्द झालीं असें ठरलें. मग नळी वांकली असें कोणी सांगितलें. अखेर बंदूक विकण्याचें ठरलें. विकण्यापूर्वीं कापडावर पांच बार काढून पाहिले, तेव्हां पांचही खुणेच्या वर आणि उजवीकडे, एकाच जागीं पडलेले आढळले. सहा इंच वर, चार इंच उजवीकडे. म्हणजे नळीचा दोष नव्हता. वडिलांसाठीं केलेला उंच कणा आणि मोठा वांक, यांत मुलाचा डोळा वर व उजवीकडे राहत होता. कारागिरानें कणा तीन सुतें तासला, वांक दोन सुतें कमी केला आणि तळास इंचभर रबराची गादी लावली. तीच बंदूक आज त्यांच्याकडे आहे.

अशा दुरुस्त्या होतात, हें खरेदीच्या वेळीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. लांब दस्ता कापतां येतो, आंखूड दस्त्यास रबराची गादी लावतां येते. हें काम स्वस्त. उंच कणा तासतां येतो. नीच कण्यावर कातड्याची किंवा कापडाची गादी बांधतात. ती चालते, पण पावसाळ्यांत भिजते व सरकते. म्हणून दोन बंदुकींत निवड करण्याची वेळ आली तर कणा किंचित् उंच असलेली घ्यावी. वांक बदलण्यास दस्त्याची मान गरम तेलानें तापवून वांकवावी लागते; चांगलें अक्रोडाचें लांकूड हें सोसतें, ठिसूळ किंवा गांठीचें लांकूड तडकतें. हें काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावें, गांवच्या सुताराकडे नव्हे. त्याचें कौशल्य कमी म्हणून नव्हे, तर बंदूक दुरुस्तीसही कायद्यानें परवाना लागतो म्हणून. आणि कोणीही कितीही सांगितलें तरी नळीस हात लावूं देऊं नये. नळी आंखूड करणें हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं स्वतंत्र गुन्हा आहे.

त्याच कायद्याच्या आणखी दोन गोष्टी येथें उपयोगाच्या आहेत. पीकसंरक्षणासाठीं परवाना मुळांत ठासणीच्या बंदुकीचा मिळतो. ती पुरेशी नाहीं अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर होऊं शकते. तेव्हां दुनळी पाहिजे असेल तर अर्जांतच कारणें नीट लिहावीं. दुसरें असें कीं, परवाना माणसाचा असतो, घराचा नव्हे. आज मी, उद्यां भाऊ, परवां गडी, अशी पाळीपाळीनें एकच बंदूक वापरण्याची चाल बेकायदा आहे. त्यामुळें "घरांतल्या सगळ्यांना चालेल अशी मधली" बंदूक घेण्याचें कारणच उरत नाहीं. ज्याच्या नांवें परवाना त्याच्या अंगाची ती असावी. आणि राखण जर प्रत्यक्षांत मुलगा करणार असेल तर अर्जही मुलाच्याच नांवानें असावा. हा विचार अर्ज करण्याच्या दिवशीं केला तर खर्च नाहीं. नंतर केला तर सर्व कागद पुन्हां.

बंदूक घरीं आल्यावर अखेरची परीक्षा बार काढून करावी. ती गांवांत किंवा गांवालगत नव्हे. जिल्हा रायफल संघटनेचें मैदान असेल तेथें, किंवा अधिकाऱ्यांनीं परवानगी दिलेल्या, मागें मातीची उंच दरड असलेल्या जागीं. तीन-चार हात लांबरुंद पांढरें कापड ताणून बांधावें, मध्यें वाटीएवढी काळी खूण करावी आणि बरोबर ४८ फुटांवर उभें राहावें. बारीक छऱ्यांचीं काडतुसें घ्यावीं. बंदूक कमरेपासून उचलून, खांद्यास लागतांच बार काढावा. रायफलीसारखा रेंगाळून नेम धरूं नये. पांच-सहा बारांनंतर कापडावर सर्वांत दाट भोंकें जेथें असतील त्याचा मध्य काढावा आणि खुणेपासून किती इंच, कोणत्या बाजूस, तें मोजावें. जितके इंच अंतर तितकीं अर्धीं सुतें दस्त्यांत फरक करावयाचा. चार इंच खालीं असेल तर कणा दोन सुतें उंच, दोन इंच डावीकडे असेल तर वांक एक सूत अधिक. दीड-दोन इंचांच्या आंतील फरक तसाच सोडावा; तो हाताचा असतो. कारागिराकडे जातांना तें कापडच गुंडाळून न्यावें, आणि दस्त्याचीं चारही मापें, कपडे कोणते घातले होते त्यासह, एका कागदावर लिहून परवान्याच्या पुस्तिकेंत ठेवावीं. परवाना आतां पांच वर्षांनीं नवा करावा लागतो. त्या वेळीं तो कागद पुन्हां एकदां अंगाशीं ताडून पाहावा, कारण पन्नाशीनंतर गालही बसतात आणि मानही आंखडते.